आंधळेपणाची गणना आणि नजरेचा विसर : कुडवा-गोंदिया परिसराच्या संदर्भात नेत्र-आरोग्याचा इतिहास

बीजसंज्ञा : नेत्र-आरोग्य, मोतीबिंदू, चाळिशी, धान उत्पादक प्रदेश, विडी उद्योग, अंधत्व नियंत्रण कार्यक्रम

प्रस्तावना :

भारतातील आरोग्याचा इतिहास प्रामुख्याने साथींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. पटकी, प्लेग, देवी, हिवताप या रोगांनी माणसे मारली, म्हणून शासनाच्या दप्तरात त्यांच्या नोंदी झाल्या आणि त्या नोंदींच्या आधारे पुढे इतिहासलेखन झाले. डोळ्यांच्या तक्रारींनी सहसा कोणी मरत नाही. नजर हळूहळू अधू होत जाते, माणूस आपले काम थोडे थोडे कमी करीत नेतो आणि शेवटी 'वय झाले' या दोन शब्दांत साऱ्याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्यामुळे रोजच्या दृष्टीदोषांचा इतिहास दप्तराबाहेर राहिला.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धान, भातगिरण्या, तेंदूपत्ता व विडी आणि रेल्वेचे जंक्शन ही या भागाच्या अर्थजीवनाची ठळक अंगे होत. गोंदिया शहराला लागून असलेले कुडवा हे गाव या साऱ्यांच्या सान्निध्यात आहे. शेती आणि शहर यांची सीमा येथे पुसट होत गेलेली दिसते. अशा परिसरात डोळा हे केवळ ज्ञानेंद्रिय नसून श्रमाचे साधन आहे. परहे उपटणारी, तांदूळ निवडणारी, विडी वळणारी व्यक्ती आणि गाडी चालविणारा चालक या सर्वांची मजुरी नजरेवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, गेल्या दीडशे वर्षांत या प्रदेशापर्यंत पोहोचलेल्या नेत्रसेवेने आंधळेपणाची गणना केली, तो दूर करण्यासाठी मोठे कार्यही केले. मात्र काम करणाऱ्या माणसाची जवळची नजर आणि शेतात झालेली किरकोळ वाटणारी इजा या दोन बाबी तिच्या हिशेबात फार उशिरा आल्या.

सुईपासून शस्त्रक्रियेपर्यंत :

भारतीय परंपरेत नेत्ररोगांचा विचार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन असून कफज लिंगनाशावर, म्हणजे आजच्या भाषेत मोतीबिंदूवर, यवाच्या टोकासारख्या शलाकेने करावयाचा उपचार सांगितला आहे. यात गढूळ झालेले नेत्रभिंग बाहेर काढले जात नसे, ते दृष्टीच्या मार्गातून बाजूला सारले जाई. ही क्रिया पुढे ग्रंथांतून निसटून फिरत्या वैदूंच्या हाती गेली. उत्तर हिंदुस्थानात त्यांना साथिये म्हणत. गावात यावे, सुई टोचून मोती खाली पाडावा, रुग्णाला समोर धरलेली बोटे दिसली की बिदागी घ्यावी आणि डोळा सुजण्यापूर्वी पुढचे गाव गाठावे, अशी ही रीत होती. मद्रासच्या शासकीय नेत्र रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्ससमोर या विषयावर व्याख्याने दिली आणि अशा रीतीने टोचलेल्या डोळ्यांपैकी फार मोठ्या संख्येने डोळे कायमचे निकामी झाल्याचे दाखवून दिले.

एलियट यांचे निष्कर्ष वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होते. तथापि वैदू इतका काळ टिकून का राहिला, याचे उत्तर केवळ लोकांच्या अज्ञानात शोधणे उचित नाही. मुंबईत सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालयाच्या आवारात १८६६ च्या सुमारास स्वतंत्र नेत्र रुग्णालय उभे राहिले. नागपुरात मेयो रुग्णालय १८६२ पासूनचे. भंडारा जिल्ह्याच्या पूर्व टोकावरील खेड्यातील दिसेनाशा झालेल्या म्हाताऱ्याला नागपूर गाठावयाचे तर सोबतीला एक कमावता माणूस द्यावा लागे. वैदू मात्र दाराशी येई. नेत्रसेवेच्या पुढील सर्व इतिहासात अंतराचा आणि सोबतीच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

अंधत्वाचे दुसरे मोठे कारण देवी हे होते. देवीचे फोड पारपटलावर, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर, उठले की तेथे पांढरा डाग राही. त्यालाच लोक 'फूल पडणे' म्हणत. लस टोचण्याच्या मोहिमांनी हे कारण क्रमाने कमी झाले आणि १९७५ मध्ये देशातून देवीचे उच्चाटन झाल्यावर ते नाहीसेच झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नव्हे, तर लस टोचणाऱ्यांनी अनेक डोळे वाचविले, ही गोष्ट नेत्रवैद्यकाच्या इतिहासात क्वचितच नमूद केली जाते.

रेल्वे आणि नजरेची परीक्षा :

नागपूर-छत्तीसगड मार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी या प्रदेशातून गेला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो आपल्याकडे घेऊन रुंद मापात बदलला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरच्या दिशेने अरुंद मापाचा मार्ग निघाला आणि गोंदिया जंक्शन बनले.

रेल्वेसोबत एक नवी कल्पना आली. युट्रेख्ट येथील नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येते, ते एखाद्याला ६ मीटरवरूनच दिसत असेल तर त्याची नजर ६/६०, आणि ६ मीटरचे अक्षर ६ मीटरवरून दिसत असेल तर ६/६, अशी ही पद्धती होय. १८७५ मध्ये स्वीडनमधील लागेरलुंडा येथे रेल्वे अपघात झाल्यानंतर फ्रित्योफ होल्मग्रेन यांनी रंगांधळेपणा शोधण्यासाठी रंगीत लोकरीच्या लडींची चाचणी रूढ केली. लाल व हिरवा दिवा ओळखता न येणारा चालक शेकडोंचे प्राण धोक्यात घालू शकतो, हे सर्वत्र मान्य झाले आणि रेल्वेच्या सेवेत दृष्टीची तपासणी अनिवार्य ठरली. भारतीय रेल्वेत आजही कर्मचाऱ्यांचे ए-१, ए-२, ए-३, बी-१, बी-२, सी-१, सी-२ असे वर्ग असून प्रत्येक वर्गासाठी दृष्टीची अट वेगळी आहे. चालकाची तपासणी भरतीच्या वेळी एकदा करून भागत नाही. वय वाढेल तशी ती अधिक वेळा केली जाते.

गोंदियासारख्या गावात याचा अर्थ काय झाला ? एकाच वस्तीत राहणाऱ्या दोन कष्टकऱ्यांपैकी रेल्वेत असलेल्याची नजर कागदावर आकड्यांत नोंदली गेली, तर भातगिरणीत किंवा विडी कारखान्यात जाणाऱ्याची नजर कोणीही, कधीही मोजली नाही. पहिल्याच्या नजरेतील चूक इतरांना महागात पडणारी होती. दुसऱ्याच्या नजरेतील चूक फक्त त्याच्याच मजुरीतून वजा होणारी होती. तपासणी कोणाची व्हावी, हे या फरकाने ठरविले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

धानाचे कुसळ आणि ताटातील भात :

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. म्हणीचा रोख नीतीकडे असला तरी त्यातील कुसळ हे खरोखरीचे आहे. धानाच्या कापणीत, बांधणीत आणि विशेषतः चुरण्याच्या वेळी धानाचे कुसळ, पात्याची कड किंवा तूस डोळ्यात जाते. पारपटलावर ओरखडा उठतो. डोळ्यातून पाणी येते, प्रकाश सहन होत नाही. कामाचे दिवस मोजके असल्याने मजूर डोळा चोळून पुन्हा कामाला लागतो. घरी आईचे दूध, मध किंवा एखाद्या पाल्याचा रस घातला जातो. ओरखड्यावाटे बुरशी आत शिरली तर काही दिवसांत तेथे व्रण होतो आणि तो भरून आला तरी डाग राहतो. फ्युजेरियम व अ‍ॅस्परजिलस या बुरशी अशा व्रणांत वारंवार आढळतात. दक्षिण भारतातील नेत्र रुग्णालयांच्या अभ्यासांतून पारपटलाच्या संसर्गजन्य व्रणांमध्ये बुरशीचा वाटा फार मोठा असल्याचे दिसून आले आहे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे थेंब येथे घातक ठरतात. लाली व वेदना तात्पुरती कमी होते आणि बुरशी मोकाट वाढते.

या रोगाचे वैशिष्ट्य असे की, तो टाळण्याचा उपाय अत्यंत स्वस्त आहे. नेपाळमधील भक्तपूर येथे गावपातळीवरील आरोग्य सेवकांमार्फत झालेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ओरखडा उठलेल्या रुग्णांच्या डोळ्यात क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम तीन दिवस घालण्यात आले. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत जे आले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. याउलट एकदा डाग पडल्यावर नेत्ररोपणाखेरीज मार्ग उरत नाही. त्यासाठी मृत व्यक्तीचा डोळा मिळावा लागतो, मोठ्या शहरात जावे लागते आणि वर्षानुवर्षे औषधपाणी करावे लागते. खरीप आणि उन्हाळी अशी दोन्ही पिके घेणाऱ्या गोंदिया परिसरात इजेचा हंगाम वर्षातून दोनदा येतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

धानाचा डोळ्यांशी असलेला दुसरा संबंध ताटातून येतो. पांढरा तांदूळ गिरणीचा असो वा हातसडीचा, त्यात जीवनसत्त्व 'अ' जवळजवळ नसतेच. ज्या घरात भात हाच मुख्य आहार आणि सोबतीला पालेभाजी, दूध, अंडी यांची वाण, तेथील लहान मुलांना संध्याकाळनंतर दिसेनासे होई. याला रातांधळेपणा म्हणत. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके दिसत आणि गोवर किंवा हगवणीनंतर पारपटल विरघळून डोळाच जाई. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातील भात पिकविणारे जिल्हे होरपळून निघाले. उपासमार आणि पाठोपाठ येणारी हगवण हीच नेमकी या अंधत्वाची पूर्वतयारी असते. १९७० मध्ये केंद्र शासनाने बालकांना जीवनसत्त्व 'अ' ची मोठी मात्रा देण्याचा कार्यक्रम सुरू केला. वयाच्या पहिल्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी २ लाख एककांचा डोस दिला जाऊ लागला. गोवरची लसही पुढे नित्याची झाली. झाडीपट्टीत पावसाळ्यात आपोआप उगवणारा तरोटा, परसातला शेवगा आणि अंबाडी या भाज्या गरिबाच्या म्हणून हिणविल्या गेल्या. वस्तुतः हिरव्या पालेभाज्यांत जीवनसत्त्व 'अ' चे पूर्वद्रव्य असते आणि अडचणीच्या काळात त्याच उपयोगी पडत.

विडी, सूत आणि चाळिशी :

वयाच्या चाळिशीच्या आसपास नेत्रभिंगाची लवचिकता कमी होऊन जवळचे अस्पष्ट दिसू लागते. हा रोग नव्हे, वयाचा नियम होय. मराठी भाषेने याची नोंद फार नेमकेपणाने केली आहे. 'चाळिशी' हा शब्द वयालाही लागू पडतो आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही. परंतु ज्या समाजात हा शब्द रूढ झाला, तो लिहिणारा-वाचणारा समाज होता. पोथी, चोपडी आणि खतावणी यांच्यासाठी चाळिशी लागते, असा समज त्यामुळे घट्ट झाला. निरक्षर बाईला चष्मा कशाला, हा प्रश्न याच समजातून निघतो.

गोंदिया-भंडारा परिसरातील विडी उद्योग या समजाला छेद देतो. तेंदूचे पान कात्रीने मापात कापणे, त्यात तंबाखू सारखी पसरणे, पान गच्च वळणे, टोक दुमडणे आणि बारीक सूत बांधणे ही सारी कामे डोळ्यापासून हातभर अंतरावर चालतात. घरकाम आटोपून, बहुधा घरातच आणि अपुऱ्या उजेडात, हे काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. कारखानदाराकडे माल नेल्यावर सैल, वाकडी किंवा फाटक्या पानाची विडी बाजूला काढली जाते व तिचे पैसे मिळत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीचा हात तितकाच सराईत असतो. फरक पडतो तो नजरेत. दिवसाकाठी होणाऱ्या विड्यांची संख्या कमी होते, बाजूला पडणाऱ्या वाढतात आणि सुईत दोरा ओवण्यापासून तांदळातले खडे निवडण्यापर्यंत घरातील कामे नातीकडे जातात. हे नुकसान कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

कायद्याने याची दखल अजिबात घेतली नाही असे नाही. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला आणि १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधी स्थापन झाला. या निधीच्या योजनांत चष्मा खरेदीसाठी रु. ३०० च्या साहाय्याची तरतूद होती. मात्र लाभासाठी ओळखपत्र आवश्यक असे, आणि घरखेप पद्धतीने काम करणाऱ्या स्त्रीची कामगार म्हणून नोंद होणे हीच पहिली अडचण होती. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर विडीवरील कल्याण उपकर रद्द झाला.

जवळच्या नजरेचे आर्थिक मोल किती, हे आसामातील चहामळ्यांत झालेल्या एका प्रयोगाने आकड्यांत दाखविले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला लगेच साधा जवळचा चष्मा दिला, दुसऱ्याला अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्या गटाच्या दैनिक पानतोडीत दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे २२ टक्के अधिक वाढ झाली. पाने खुडण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. विडी वळण्यासाठीही लागत नाही.

६/६० ची रेषा :

स्वातंत्र्योत्तर काळात नेत्र-आरोग्य हा राष्ट्रीय नियोजनाचा विषय बनला. १९६३ मध्ये खुपऱ्यांच्या नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१-७४ मध्ये केलेल्या पाहणीत अंधत्वाचे प्रमाण १.३८ टक्के आढळले आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम हाती घेण्यात आला. ६/६० पेक्षा कमी नजर म्हणजे अंधत्व, ही त्याची व्याख्या होती. अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू असल्याने साहजिकच मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची संख्या हेच यशाचे माप ठरले.

या काळातील नेत्रशिबिर ही विदर्भातील खेड्यापाड्यांच्या परिचयाची संस्था होती. शाळा किंवा धर्मशाळा, सतरंज्यांवर रांगेने निजलेले वृद्ध, डोळ्यावर हिरवी पट्टी आणि सोबतीला एकेक नातलग, असे तिचे दृश्य असे. वैदूप्रमाणे शिबिरही दाराशी आले, हे त्याच्या यशाचे एक कारण होय. तेव्हाच्या शस्त्रक्रियेत संपूर्ण नेत्रभिंग काढून टाकीत आणि त्याऐवजी दहा अंकाच्या आसपासचा जाड चष्मा देत. या चष्म्यातून वस्तू मोठ्या दिसत, कडेचे नीट दिसत नसे. बांधावरून चालताना पाय चुके. चष्मा फुटला किंवा हरवला की शस्त्रक्रिया झालेला माणूस पुन्हा आंधळा, आणि सरकारी आकडेवारीत मात्र बरा झालेला !

कृत्रिम नेत्रभिंगाच्या रोपणाने हे चित्र बदलले. मदुराई येथे १९७६ मध्ये डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ११ खाटांनिशी सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब ही संस्था उभारून स्वस्त भिंगे देशातच तयार केली. १९९४-९५ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबविला गेला. त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. जिल्हा अंधत्व नियंत्रण सोसायट्या कार्यरत झाल्या आणि शस्त्रक्रिया तंबूतून व शाळांतून रुग्णालयांत नेण्यावर भर आला. विदर्भात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपुरातील शासकीय व धर्मादाय नेत्र रुग्णालये आणि बाबा आमटे यांच्या आनंदवनात डॉ. तात्याराव लहाने यांनी घेतलेली शिबिरे यांनी असंख्य वृद्धांना दृष्टी परत दिली. या कार्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

मात्र रेषा जेथे ओढली जाते, त्यावर रुग्णांची संख्या ठरते. २००६-०७ च्या पाहणीत अंधत्वाचे प्रमाण १ टक्का होते. २०१७ मध्ये भारताने जागतिक आरोग्य संघटनेशी सुसंगत अशी ३/६० ची व्याख्या स्वीकारली आणि २०१५-१९ च्या पाहणीत हे प्रमाण ०.३६ टक्के नोंदले गेले. यातील घट बरीचशी खरी आहे. परंतु ६/६० आणि ३/६० यांच्या दरम्यान नजर असलेला माणूस आदल्या व्याख्येत अंध होता आणि नव्या व्याख्येत नाही, हेही तितकेच खरे. शिवाय दोन्ही व्याख्या दूरच्या नजरेच्या. सहा मीटरवरील तक्ता नीट वाचणारी, पण हातातले सूत न दिसणारी विडी कामगार स्त्री दोन्हींत निरोगी ठरते.

अलीकडील स्थित्यंतरे :

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून शालेय विद्यार्थ्यांची नेत्रतपासणी कार्यक्रमात आली. फळा न दिसणारे मूल 'ढ' ठरविले जात असे, त्याला चष्म्याची गरज आहे हे शिक्षकाच्याच हातातील तक्त्यावरून कळू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील खुपऱ्यांचे सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले.

डोळे येणे या सर्वपरिचित विकाराची दखल मात्र साथ आल्यावरच घेतली जाते. १९७१ मध्ये रक्ताळलेल्या डोळ्यांची साथ देशभर पसरली. बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाचा तो काळ असल्याने बंगालात तिला 'जय बांगला' हे नाव पडले. मुंबईत या साथीनंतर काही रुग्णांच्या पायांतील शक्ती गेल्याचे डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविले आणि किरकोळ समजला जाणारा विकार मज्जारज्जूपर्यंत पोहोचू शकतो, हे जगापुढे आले. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात पुन्हा मोठी साथ आली. बुलढाणा जिल्ह्याला तिची विशेष झळ बसली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत अ‍ॅडेनो विषाणू आढळला.

जवळच्या नजरेला कार्यक्रमात स्थान मिळाले ते बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२०१२-१७). वृद्धांना जवळच्या कामासाठी मोफत चष्मे देण्याची तरतूद त्या वेळी झाली. यातील 'वृद्ध' हा शब्द विचार करावयास लावणारा आहे. चाळिशी ज्या वयात लागते, ते वय वृद्धत्वाचे नसून घर चालविण्याचे असते. बेचाळीस वर्षांची विडी कामगार किंवा रोवणी करणारी मजूर या तरतुदीत सहजी बसत नाही. ती आठवडी बाजारात किंवा फिरत्या विक्रेत्याकडे डोळ्याला लावून पाहून मिळेल तो चष्मा घेते. तो अगदीच निरुपयोगी असतो असे नाही. पण चष्मा विकणारा डोळ्याचा दाब पाहत नाही, त्यामुळे लक्षणांशिवाय वाढणारा काचबिंदू आणि मधुमेहाने दृष्टिपटलावर झालेले परिणाम तसेच राहून जातात.

गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. आरंभी त्याचे कामकाज कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय यांच्या आधारे चालले. महाविद्यालयाच्या स्वतंत्र इमारतीचे भूमिपूजन फेब्रुवारी २०२४ मध्ये कुडवा येथे झाले. नागपूर गाठण्याचे आणि सोबतीच्या माणसाची मजुरी बुडण्याचे जे कारण एकोणिसाव्या शतकापासून चालत आले, त्याचे स्वरूप या घटनेने बदलू शकते. धान चुरण्याच्या हंगामात डोळ्याला ओरखडा उठलेल्या मजुराच्या बाबतीत १८ तासांची मर्यादा पाळणे कुडव्यातून जितके शक्य आहे, तितके नागपुरातून कधीच शक्य नव्हते. जागतिक आरोग्य सभेने मे २०२१ मध्ये २०३० साठी दोन उद्दिष्टे ठरविली आहेत : मोतीबिंदू शस्त्रक्रियेच्या परिणामकारक व्याप्तीत ३० टक्के बिंदूंची आणि चष्म्याने दूर होणाऱ्या दोषांच्या परिणामकारक व्याप्तीत ४० टक्के बिंदूंची वाढ. पहिल्या उद्दिष्टासाठी शस्त्रक्रियांच्या नोंदींची घडी पूर्वीच बसलेली आहे. दुसऱ्यात दूरच्या नजरेबरोबर जवळची नजरही धरली आहे, आणि त्यासाठी घरोघर जाऊन चाळिशीपुढील प्रत्येक स्त्री-पुरुषासमोर सुमारे ४० सेंटिमीटर अंतरावर तक्ता धरावा लागेल.